स्पॅनिश शिकायला तीन आठवडे मेक्सिकोत: कोणत्या शहरात जाऊ?

प्रश्न: ताई, मी नाशिकची, वय २७. पुण्यातल्या एका क्लासमधून स्पॅनिशची ए२ पातळी पूर्ण केली आहे. ऑफिसात मेक्सिकोच्या ग्राहकांशी ईमेलवरून व्यवहार जमतो, पण फोन आला की तोंडातून शब्द फुटत नाही. दिवाळीनंतर, नोव्हेंबरच्या मध्यापासून तीन आठवड्यांची रजा आहे. तेवढ्यात मेक्सिकोत राहून शिकावं असं मनात आहे. वाहाका, ग्वानाह्वातो, मेरिदा, मेक्सिको सिटी, सगळीकडे शाळा दिसतात. एक मैत्रीण म्हणते कानकुनच्या बाजूला जा, समुद्रही बघून होईल. मी शाकाहारी आहे, अंडं चालतं. एकटीच जाणार, त्यामुळे घरचे काळजीत आहेत. कामासाठी काढलेला अमेरिकेचा व्हिसा अजून चालू आहे. कोणतं शहर निवडू?

उत्तर: तू मला ताई म्हटलंस, म्हणून मीही 'तू'च म्हणते. आधी उत्तर सांगते: ग्वानाह्वातो. घरचे तयार झालेच नाहीत तर मेरिदा.

तुझी अडचण माझ्या ओळखीची आहे. गेली पंधरा-सोळा वर्षं वर्गात तीच बघते. क्रियापदांचे तक्ते पाठ असतात, ईमेल बिनचूक जातं, आणि समोर माणूस आला की दातखीळ बसते. यावर आणखी व्याकरण हा उपाय नाही. दिवसातून वीस-पंचवीस वेळा अनोळखी माणसाशी बोलल्याशिवाय गत्यंतर नसेल, अशी जागा हवी. म्हणून शहर निवडताना मी एकच गोष्ट बघते: वर्ग सुटल्यावर तिथे स्पॅनिशवाचून निभतं का? निभत असेल तर ते शहर आपल्या कामाचं नाही.

कानकुन आणि त्याच्याच बाजूचं समुद्रकाठचं प्लाया देल कार्मेन त्यामुळे मनातून काढून टाक. माझी पहिली खेप अशीच समुद्रकाठच्या एका गावात वाया गेली. वर्गात आम्ही बाराजण, मधल्या सुट्टीत सगळे इंग्रजीत. कॉफीवाला माझा चेहरा बघूनच इंग्रजीत सुरू व्हायचा. दोन आठवड्यांनी परतले तेव्हा सलग पाच वाक्यंही जुळवता येत नव्हती. दोन वर्षं पैसे साठवून गेले होते, त्यामुळे ते फार लागलं.

ग्वानाह्वातोचं वेगळेपण त्याच्या जमिनीत आहे. चांदीच्या खाणींमुळे अरुंद घळीत वसलेलं हे गाव. पूर्वी मधून नदी वाहायची आणि पुराने गाव बुडायचं. पुढे नदीचं पाणी वळवलं आणि तिच्या पात्राचा रस्ता केला. आज बरीच वाहतूक गावाच्या पोटातून, बोगद्यांतून चालते. बसचे काही थांबेसुद्धा बोगद्यात आहेत. वर डोंगरउतारावर रंगीत घरं आणि त्यांच्यामधून जिने-जिने चढणाऱ्या गल्ल्या. त्यांना तिथे 'कायेहोन' म्हणतात. फोनवरचा नकाशा सांगतो की तू मुक्कामावर पोचलीस, आणि तो रस्ता असतो तुझ्या पायाखाली, दगडाच्या आत. मग विचारण्यावाचून पर्याय राहत नाही.

माझा तिथला तिसरा दिवस असेल. दारात झाडू मारणाऱ्या बाईंना चौकाची वाट विचारली. त्या म्हणाल्या, 'देरेचो, देरेचितो, इ लुएगो बाहा.' म्हणजे सरळ, अगदी सरळ जा, मग उतरा. मी 'देरेचो'चं 'देरेचा' ऐकलं आणि उजवीकडे वळले. सरळ आणि उजवा यांत शेवटच्या एका स्वराचा फरक! गल्ली एका घराच्या अंगणात संपली. तिथे पायरीवर मक्याची कणसं सोलत बसलेल्या आजी उठल्या, माझा हात धरला आणि मला चौकापर्यंत खाली घेऊन आल्या. वाटभर विचारत होत्या: आई आहे का, काय जेवतेस, इतक्या लांब एकटी कशी आलीस. मी तुटक्या स्पॅनिशमध्ये उत्तरं दिली आणि त्यांना ती कळली. त्या अर्ध्या तासात माझी भीती गेली. 'देरेचो' आणि 'देरेचा' यांची गल्लत त्यानंतर कधीच झाली नाही.

गाव विद्यापीठाचं असल्यामुळे चौकात, कॅफेत तुझ्याच आसपासच्या वयाची मुलंमुली असतात आणि ती आपसात स्पॅनिशच बोलतात. ऑक्टोबरात तिथे सेर्वांतिनो हा मोठा कला महोत्सव भरतो, १९७२पासून. तेव्हा राहायला जागा मिळणं कठीण आणि महाग. तू जाशील तोवर तो उरकलेला असेल, पावसाळाही संपलेला असेल. फक्त उंचीचं लक्षात ठेव. गाव सुमारे २००० मीटरवर आहे, म्हणजे आपल्या कळसूबाईपेक्षा उंच. पहिले दोन दिवस जिने चढताना धाप लागेल, तेव्हा घाई करू नकोस. रात्री थंडी पडते आणि घरं गरम ठेवायची सोय सहसा नसते. जाड स्वेटर हवाच.

आता शाळेपेक्षाही मोठी गोष्ट: घर. शाळा साधारणपणे एखाद्या कुटुंबात राहायची व्यवस्था करून देतात. तीच घे, आणि आधीच विचार की त्या घरात दुसरा परदेशी विद्यार्थी असणार आहे का. असेल तर दुसरं घर माग. मेक्सिकोत मुख्य जेवण दुपारी दोन-तीनला होतं आणि जेवण झाल्यावर पानावरून लगेच कुणी उठत नाही. त्या गप्पांना 'सोब्रेमेसा' असा खास शब्द आहे. तुझा खरा वर्ग तोच. सकाळच्या चार तासांत शिकलेला भूतकाळ तिथे वापरून बघ. घरातल्या बाईंना 'तू' नको, 'उस्तेद' म्हणजे 'तुम्ही' म्हण, त्या स्वतः 'तूतेआमे', म्हणजे मला तू म्हण, असं सांगेपर्यंत. तुम्ही आणि तू यांतलं अंतर आपल्याला शिकवावं लागत नाही. इंग्रजीतून आलेल्या मुलांना ते महिनोन्‌महिने साधत नाही.

हे मी वर्गात नेहमी सांगते आणि तुलाही सांगते: स्पॅनिश इंग्रजीतून शिकू नकोस, मराठीतून शिक. 'मे गुस्ता एल काफे' म्हणजे 'मला कॉफी आवडते'. आवडणारी गोष्ट कर्ता आणि मी 'मला'. अनेकवचन झालं की 'मे गुस्तान', जसं 'आवडतात'. त्यांचे त आणि द दातांवरचेच, आपल्यासारखे. फोनवर अडलीस तर मनातलं वाक्य मराठीत म्हण आणि तिथून उडी मार.

खाण्याचं सांगते, कारण शाकाहारी माणसाची फसगत शब्दांमुळे होते. 'सिन कार्ने' म्हटलंस तर कोंबडी येऊ शकते. 'कार्ने' म्हणताना त्यांच्या डोळ्यांपुढे गाय आणि डुक्कर असतं. घेवड्याचा रगडा बऱ्याचदा डुकराच्या चरबीत परततात, भात कोंबडीच्या पाण्यात शिजवतात. म्हणून हे वाक्य पाठ कर: 'नो कोमो कार्ने, नि पोयो, नि पेस्कादो, नि काल्दो दे पोयो, नि मांतेका दे सेर्दो.' पहिल्याच दिवशी घरच्या बाईंना सांग, त्या आनंदाने सांभाळून घेतील. मक्याच्या गरम तोर्तिया, चीज, नोपाल म्हणजे निवडुंगाची भाजी, अंडी, एवढ्यावर मी महिना काढला. 'एंचिलादास मिनेरास', म्हणजे मिरचीच्या रश्शात बुडवलेल्या, बटाटा-गाजर घातलेल्या तोर्तिया, या तिथल्याच, खाणकामगारांच्या. कोंबडी बाजूला ठेवायला सांगायचं.

घरच्यांच्या काळजीवर मी पांघरूण घालणार नाही. ग्वानाह्वातो राज्यात, विशेषतः सेलाया, इरापुआतो, सालामांका या औद्योगिक पट्ट्यात टोळ्यांची हिंसा गंभीर आहे. या राज्याच्या राजधानीचं गाव, म्हणजे तू राहशील ते ग्वानाह्वातो, त्या मानाने शांत आहे, पण निष्काळजीपणा नको. त्या पट्ट्यात फिरायला जाऊ नकोस, एका गावाहून दुसऱ्या गावाचा प्रवास दिवसाउजेडी कर, रात्री उशिरा बोगद्यांतून चालत येऊ नकोस. अमेरिकेचा व्हिसा असल्यामुळे तुला ह्यूस्टन किंवा डॅलसहून सिलाओच्या विमानतळावर थेट उतरता येईल. तिथून गाव अर्ध्या-पाऊण तासावर आहे आणि वाटेत ती शहरं लागत नाहीत. तिकीट असं काढ की उतरशील तेव्हा ऊन असेल. जायच्या आठवड्यात तिथली परिस्थिती पुन्हा एकदा बघ.

एवढं सांगूनही आईबाबांचा जीव थाऱ्यावर राहणार नसेल, तर मेरिदा घे, मनात काही न ठेवता. मेरिदा ज्या राज्यात आहे ते युकातान देशातल्या सर्वांत शांत राज्यांपैकी एक. एप्रिल-मेमध्ये तिथे अंगाची लाही होते, पण नोव्हेंबर सुखाचा असतो. उश्मालचे माया अवशेष एका दिवसात बघून होतात. गाव सपाट, रस्त्यांना नावांऐवजी आकडे: सम उत्तर-दक्षिण, विषम पूर्व-पश्चिम. वाट चुकणं अवघड. म्हणून तिथे बोलायची निमित्तं तुला स्वतः शोधावी लागतील. रोज सकाळी बाजारात जा आणि एकाच बाईकडून फळं घे. तिसऱ्या दिवशी ती विचारपूस करू लागेल.

वाहाका माझं फार आवडतं गाव. १ आणि २ नोव्हेंबरला मृतांच्या सणात तिथे घराघरांत झेंडूच्या राशी असतात. झेंडू मूळचा मेक्सिकोचाच, तिथे त्याला 'सेंपासुचिल' म्हणतात. पण अलीकडे बाहेरून येऊन राहणारे इतके वाढलेत की मधल्या भागातल्या कॅफेत इंग्रजी सर्रास चालतं. तिथल्या त्लायुदा आणि मेमेला या मक्याच्या पोळ्यांवर 'आसिएंतो' म्हणून डुकराच्या चरबीचा थरही असतो, तो दरवेळी नको म्हणावा लागतो. शेवटचे चार दिवस फिरायला जा, शिकायला नको. मेक्सिको सिटीत राष्ट्रीय विद्यापीठाचं परदेशी विद्यार्थ्यांसाठीचं केंद्र १९२१पासून आहे आणि शिक्षण उत्तम आहे. पण तीन आठवड्यांपैकी बराच वेळ मेट्रोत जाईल. पुढे दोन-तीन महिने मिळाले तर तिथे अवश्य जा.

अमेरिकेचा चालू व्हिसा असला की मेक्सिकोचा वेगळा काढावा लागत नाही, आणि एवढ्या छोट्या अभ्यासक्रमाला पर्यटक म्हणून गेलेलं चालतं. जाताना शाळेचं पत्र, घराचा पत्ता आणि परतीचं तिकीट कागदावर छापून हाताशी ठेव. शाळेला पैसे भरण्याआधी वर्गात जास्तीत जास्त किती जण असतात ते लेखी माग. सहाच्या वर असतील तर दुसरी शाळा बघ.

आणि चाकांची बॅग नेऊ नकोस. ग्वानाह्वातोत टॅक्सी गल्लीच्या तोंडाशीच सोडते. पुढे सत्तर-ऐंशी पायऱ्या असू शकतात. पाठीवर मावेल तेवढंच घे.