डीएनएच्या ग्राफवर ‘जी’ काळा का, आणि तो फुगवटा कसला?

प्रश्न : ताई, मी एम.एस्सी. करते. पंचगंगेतल्या एका माशाच्या सीओआय (जात ओळखायला वापरतात त्या) जनुकाचं सिक्वेन्सिंग, म्हणजे डीएनएतल्या ए, सी, जी, टी या चार बेसच्या क्रमाचं वाचन, बाहेरच्या लॅबकडून करून घेतलं. आलेल्या ग्राफवर 75व्या बेसच्या आसपास एक रुंद लाल फुगवटा आहे आणि त्यावर टी-टी-टी असं वाचलंय. डेटाबेसमधल्या सिक्वेन्सशी ते जुळत नाही. म्युटेशन (जनुकातला बदल) म्हणून लिहू का? शिवाय ‘जी’ हा बेस काळा का दाखवतात? काळा प्रकाश असतो का?
– एक विद्यार्थिनी, कोल्हापूर

उत्तर : म्युटेशन मुळीच लिहू नकोस! हा डाय ब्लॉब, म्हणजे मोकळ्या रंगाचा डाग. आमच्या मशीनवर आला की दिवसभर चिडचिड होते. रिॲक्शनमध्ये घातलेले रंगीत टर्मिनेटर (साखळीची वाढ थांबवणारे, रंग लावलेले बेस) सगळेच डीएनएच्या साखळीला लागत नाहीत. उरलेले इथेनॉलने धुऊन काढावे लागतात. 70 टक्के इथेनॉल पिपेटने नीट ओढून काढलं नाही की हे मोकळे रंग यंत्राच्या कॅपिलरीत (केसासारख्या बारीक नळीत) शिरतात आणि साधारण 70-80 बेसच्या तुकड्यांबरोबरच लेसरसमोर येतात. सॉफ्टवेअर बिचारं त्यालाही बेस समजतं. खरा पीक (ग्राफवरचा उंचवटा) सुईसारखा अरुंद असतो. तुझा फुगवटा चार-पाच बेसची जागा अडवून बसला असेल, आणि झूम केलंस तर त्याच्या पोटात खरे छोटे पीकही दिसतील. पीडीएफवर विसंबू नकोस, लॅबकडून एबी1 फाइल, म्हणजे यंत्राची मूळ ग्राफ-फाइल, माग.

आता काळ्याचं. 1986 मध्ये कॅलटेकमध्ये लीरॉय हूड यांच्या गटाने चार बेसना चार चमकणारे रंग दिले; त्याआधी किरणोत्सारी लेबल आणि एक्स-रे फिल्मवर चार वेगळ्या रांगा वाचाव्या लागत. पुढे यंत्रांसाठी जे रंग रूढ झाले त्यात ‘सी’ला फॅम, ‘ए’ला ‘जो’, ‘जी’ला टॅमरा आणि ‘टी’ला रॉक्स हा रंग होता. यंत्राच्या रंगांमध्ये टॅमराची जागा पिवळी; पांढऱ्या कागदावर पिवळी रेघ कोण वाचणार? म्हणून काळी छापली. नंतरच्या बिगडाय या सिक्वेन्सिंग किटमध्ये कुठल्या बेसला कुठला रंग ही वाटणी बदलली, छपाईचे रंग मात्र तेच राहिले. तेव्हा तुझा लाल फुगवटा यंत्राला लाल दिसला असेलच असं नाही.

रिव्हर्स प्रायमरची रीड, म्हणजे उलट्या टोकापासून केलेलं वाचन, मागवली आहेस ना? तिच्यात हाच भाग दुसऱ्या टोकाला, ब्लॉबपासून लांब येतो. तिथे जे वाचलं जाईल तेच प्रबंधात घे.