घरचे पाणी : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आमच्याकडे सकाळी साडेसहा ते साडेआठ नळाला पाणी येते. पहिली पंधरा-वीस मिनिटे पाण्याला गटारासारखा वास येतो, मग पाणी चांगले होते. शेजारच्या दोन्ही घरांना हा त्रास नाही. पहिल्या दोन-तीन बादल्या सोडून दिल्या तर बाकीचे पाणी प्यायला चालेल का?

उत्तर : नाही. वास गेला म्हणजे जंतू गेले असे होत नाही. दुरुस्ती होईपर्यंत पिण्याचे, स्वयंपाकाचे, दात घासायचे आणि तान्ह्या बाळाचे सगळे पाणी उकळा. खळखळून उकळी फुटल्यावर निदान एक मिनिट तसेच राहू द्या आणि त्याच भांड्यात झाकून गार करा. तुरटी फिरवून पाणी नितळ दिसेल, पण जंतू मरणार नाहीत.

पहिल्या पाण्यालाच वास येतो, यातच कारण दडले आहे. दोन तास पाणी आले की उरलेले बावीस तास तुमचा पाइप रिकामा किंवा अर्धवट भरलेला असतो. आत दाब नसतो. पाइपला कुठे गंजून भोक पडले असेल आणि तो भाग गटारात बुडालेला असेल, तर बाहेरची घाण सावकाश आत झिरपते. सकाळी पाणी सुटले की ती सगळ्यात आधी तुमच्या बादलीत येते. पुढे दाब वाढतो, त्याच भोकातून पाणी उलट बाहेर गळू लागते आणि नळाचे पाणी ‘चांगले’ वाटते. थेट लाइनला मोटर लावली असेल तर ती आधी बंद करा. मोटर पाण्याबरोबर गटारही ओढते, तुमच्याकडे आणि शेजाऱ्यांकडेही.

शेजाऱ्यांना त्रास नाही, तेव्हा दोष बहुधा मुख्य लाइनीत नसून तुमच्या जोडणीच्या पाइपमध्ये आहे. खात्री अशी करा. एकाच मापाच्या तीन स्वच्छ काचेच्या बाटल्या घ्या. पाणी सुटताच एक भरा, दहा मिनिटांनी दुसरी, अर्ध्या तासाने तिसरी. टाकीतून येणारा नळ नको, थेट लाइनीचाच हवा. प्रत्येक बाटली थोडी रिकामी ठेवून झाकण लावा, हलवा आणि झाकण उघडल्याबरोबर हुंगा. मग ओटी टेस्टच्या किटने क्लोरीन पाहा. किटवर सांगितले तितके थेंब टाकले की क्लोरीन असलेले पाणी पिवळे होते. तिसरी बाटली पिवळी झाली आणि पहिली पांढरीच राहिली, तर पहिल्या पाण्यातला क्लोरीन घाणीने खाऊन टाकला असे समजा. तपासलेले पाणी ओतून द्या, पिऊ नका. तारीख, वेळ आणि बाटल्यांचा फोटो तक्रार-अर्जाला जोडा. ‘पाणी घाण येते’ एवढ्याच ओळीपेक्षा अशा अर्जाची दखल लवकर घेतली जाते.

दुरुस्ती करताना जुन्या जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी) पाइपवर रबर आणि पट्टी गुंडाळून भागवू नका. एक भोक दिसले की शेजारी आणखी असतातच, विशेषतः आटे पाडलेल्या सांध्यांजवळ. मीटरपर्यंतचा तुकडा बदला, शक्यतो एमडीपीई (न गंजणारा प्लास्टिकचा) पाइप टाका, तो गटाराच्या वरून न्या आणि गटार ओलांडताना मध्ये एकही सांधा ठेवू नका.

पाइप बदलला तरी टाकीत घाण उरलेलीच असते. टाकी रिकामी करून भिंती आणि तळ ब्रशने घासा, गाळ काढा, मग पुन्हा भरा. दर १००० लिटरला साधारण १५० ग्रॅम ताजी ब्लीचिंग पावडर लागते. पावडर ३३ टक्के क्लोरीनची धरली, तर लिटरमागे ५० मिलिग्रॅम क्लोरीन होतो. पावडर बादलीत कालवून दहा मिनिटे निवळू द्या आणि फक्त वरचे पाणी टाकीत ओता. घरातला प्रत्येक नळ क्लोरीनचा वास येईपर्यंत सोडून बंद करा आणि २४ तास तसेच ठेवा. ते पाणी कोणी वापरणार नाही, हे घरात सगळ्यांना सांगून ठेवा. नंतर सगळे सोडून देऊन टाकी दोनदा धुवा. ब्लीचिंग पावडरीजवळ अ‍ॅसिड किंवा संडास साफ करायचे लिक्विड आणू नका, विषारी वायू निघतो. जमिनीखालच्या टाकीत तर एकट्याने कधीच उतरू नये. आत प्राणवायू कमी असू शकतो, आणि एक बेशुद्ध पडला की वाचवायला उतरलेला दुसराही अडकतो. ते काम साधने असलेल्या माणसांनाच द्या.

प्रश्न : गार पाणी ठीक आहे, पण गिझरच्या पाण्याला सडक्या अंड्याचा वास येतो. पाणी बोअरचे आहे. गावाहून परत आलो की वास जास्तच येतो.

उत्तर : हा हायड्रोजन सल्फाइडचा वास. गिझरच्या टाकीत गंज लागू नये म्हणून एक कांडी बसवलेली असते, तिला अ‍ॅनोड म्हणतात. ती बहुतेक वेळा मॅग्नेशियमची असते. बोअरच्या पाण्यात सल्फेट असते आणि त्यावर जगून हा वायू सोडणारे काही जिवाणू ऑक्सिजन नसलेल्या जागी वाढतात. कोमट, साचलेले पाणी आणि मॅग्नेशियमची कांडी एकत्र आली की त्यांना आयतेच रान मिळते. घर दहा दिवस बंद राहिले की वास का वाढतो, ते यावरून कळेल.

थर्मोस्टॅट ६० अंशांच्या वर नेऊन गिझर दोन-तीन तास चालू ठेवा आणि मग गरम नळ सोडून सगळे पाणी काढून टाका. पाणी भाजेल इतके गरम असते, तेव्हा मुलांना न्हाणीघरापासून लांब ठेवा. आठवड्याभरात वास परतला तर मेकॅनिककडून कांडी बदलून घ्या आणि त्या जागी अ‍ॅल्युमिनियम-जस्ताची कांडी मागा. काही जण कांडी काढून भोक बुजवून देतात. तसे करू देऊ नका, टाकीच गंजून फुटते. आणि गावाला जाताना गिझरचे बटण बंद करण्याची सवय ठेवा, पण आल्यावर पहिले पाणी सोडून द्यायला विसरू नका.

गार पाण्यालाही तोच वास असेल तर दोष बोअरमध्येच आहे. पाणी टाकीत पाइपने खोल न सोडता वरून शॉवरसारखे पडू द्या. हवा लागली की बराचसा वायू उडून जातो. मात्र टाकीचे झाकण हवा जाईल असे हवे आणि जाळी लावलेली हवी. पाण्यावर तेलासारखा तवंग दिसला तर काडीने ढवळा. तवंगाचे तुकडे तुकडे झाले तर लोहाचे जिवाणू, आणि तो पुन्हा जुळला तर खरोखर तेल किंवा डिझेल. दुसऱ्या बाबतीत पाणी उकळूनही पिऊ नका.

प्रश्न : फक्त बेसिनच्या नळाला वास येतो, स्वयंपाकघरात नाही. एकच लाइन आहे.

उत्तर : ग्लास भरा आणि दुसऱ्या खोलीत जाऊन हुंगा. तिथे वास नसेल तर पाणी निर्दोष आहे, वास बेसिनच्या ट्रॅपमधून येतोय, म्हणजे गटाराचा वास अडवायला पाणी धरून ठेवणाऱ्या खालच्या वाकड्या पाइपमधून. ट्रॅप उघडून आतला बुळबुळीत थर ब्रशने काढा. न्हाणीची जाळी फारशी वापरात नसेल तर आठवड्यातून एकदा तांब्याभर पाणी ओता, म्हणजे ट्रॅप कोरडा पडणार नाही.

प्रश्न : एप्रिल-मेमध्ये पाण्याला मातकट वास येतो. माठात वाळा टाकला की कळत नाही. तसे केले तर चालेल का?

उत्तर : धरणातले पाणी उतरते, उन्हाने तापते आणि निळे-हिरवे शेवाळ वाढते. त्यातून जिओस्मिन नावाचे द्रव्य पाण्यात येते. पहिल्या पावसानंतर जमिनीतून येणारा मृद्गंध याच द्रव्याचा. लिटरमागे काही नॅनोग्रॅम एवढे असले तरी नाकाला कळते, त्यामुळे शुद्धीकरण नीट झालेल्या पाण्यालाही वास राहतो. जिओस्मिन स्वतः अपायकारक नाही. उकळताना वास आणखी उठतो, म्हणून घाबरू नका. घरच्या फिल्टरमधला अ‍ॅक्टिव्हेटेड कार्बन नवा असेल तर वास बराच कमी होतो, थंड पाण्यातही तो कमी जाणवतो. वाळा घाला, पण तुमच्याकडचा वास मातीचाच आहे याची खात्री झाल्यावर. सडका किंवा गटाराचा वास वाळ्याने झाकणे धोक्याचे आहे. वाळाही धुऊन, दोन-तीन दिवसांनी उन्हात वाळवून वापरा.

प्रश्न : गावच्या विहिरीत टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकली की दोन दिवस पाणी पिववत नाही. किती टाकावी?

उत्तर : बहुतेक ठिकाणी मूठ-दोन मूठ अंदाजाने पडते, तिथेच चुकते. विहिरीचा व्यास आणि पाण्याची खोली मीटरमध्ये मोजा. व्यास गुणिले व्यास गुणिले खोली गुणिले ७८५ केले की लिटर मिळतात. व्यास ३ मीटर आणि पाणी ४ मीटर असेल तर २८,२६० लिटर. रोजच्या निर्जंतुकीकरणाला १००० लिटरला अडीच ग्रॅम चांगली पावडर लागते, म्हणजे इथे सुमारे ७० ग्रॅम. पावडर बादलीत कालवून चुना खाली बसू द्या, वरचे पाणी दुसऱ्या बादलीत घ्या आणि ती दोरीने सोडून पाण्याखाली खालवर करा. चुना विहिरीत टाकलात तर पाणी उगीच जड होईल. रात्री टाकून सकाळी उपसा सुरू केला तर उत्तम, निदान एक तास तरी थांबा.

घरात येणाऱ्या पाण्यात लिटरमागे ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरलेला हवाच, तेवढा किंचित वास सोसावा. तो नकोसा वाटत असेल तर रुंद तोंडाच्या भांड्यात पाणी काही तास पातळ फडक्याखाली ठेवा. मापाने टाकूनही वास फार उग्र येत असेल तर पाण्यात घाण जास्त आहे का, हे तपासा. क्लोरीन अमोनियाशी जुळला की वास तीव्र होतो, आणि अमोनिया बऱ्याचदा सांडपाण्यातून येतो. अशा वेळी पावडर कमी न करता विहिरीचा कठडा, आजूबाजूचे शोषखड्डे आणि शौचालयांचे अंतर पाहा. पावडरीचा डबा घट्ट बंद आणि कोरड्या जागी ठेवा. उघड्या पोत्यातली पावडर काही आठवड्यांत इतकी मरते की ७० ग्रॅमचे काम १५० ग्रॅमनेही होत नाही.