वाचक विचारतात : कोपऱ्यांत खांब नसलेला मनोरा

प्रश्न : न्यूयॉर्कच्या सिटीकॉर्प सेंटरचे खांब कोपऱ्यांत नसून प्रत्येक बाजूच्या मधोमध का? आणि बांधून झाल्यावर ही इमारत गुपचूप दुरुस्त करावी लागली, हे खरं का?
– एक वाचक, इंदिरानगर, नाशिक

उत्तर : खरं आहे. १९७७ साली पूर्ण झालेली ही ५९ मजल्यांची, २७९ मीटर उंच कार्यालयांची इमारत. भूखंडाच्या एका कोपऱ्यावर सेंट पीटर्स चर्च होतं. त्याच कोपऱ्यावर स्वतंत्र नवं चर्च बांधून द्यायचं, या अटीवरच सौदा झाला. मग त्या कोपऱ्यात खांब उतरवणार कुठे? आर्किटेक्ट ह्यू स्टबिन्स आणि स्ट्रक्चरल इंजिनिअर विल्यम लमेझरर यांनी इमारत नऊ मजले वर उचलली. खाली चार बाजूंच्या मध्यावर चार खांब आणि मधोमध लिफ्टचा गाभा. वरचा भार मध्यावर आणायला दर आठ मजल्यांना ‘व्ही’ आकाराचे पोलादी तिरपे आधार दिले. रचना धाडसी, पण तर्काला धरून.

घोळ झाला तो सांध्यांत. वेल्डिंगऐवजी बोल्ट वापरले गेले आणि त्यांचा हिशेब वारा समोरून येतो असं धरून झाला. लमेझरर यांच्या फेरहिशेबात, वारा कोपऱ्यावरून तिरका आला की काही तिरप्या आधारांतला ताण ४० टक्क्यांनी वाढत होता. एवढ्याने काय बिघडतं, असं वाटेल. पण बोल्टवर येते ती वाऱ्याची ओढ वजा इमारतीच्या वजनाचा दाब. समजा दाब ७५ आणि ओढ १००, बोल्टवर २५. ओढ १४० झाली, दाब तेवढाच राहिला, तर बोल्टवर ६५. म्हणजे वाढ थेट १६० टक्के!

१९७८च्या ऑगस्टपासून दिवसा कार्यालयं चालू ठेवून रात्री दोनशेहून अधिक सांध्यांवर दोन इंच जाडीच्या पोलादी प्लेटा वेल्ड केल्या. माथ्यावर डोलणं कमी करणारा सुमारे ४०० टनांचा काँक्रीटचा ठोकळा आहे. पण तो तेलाच्या थरावर तरंगता ठेवायला वीज लागते, आणि वादळात आधी जाते ती वीजच. म्हणून जनरेटरची सोय केली. लोकांना हे सगळं कळलं १९९५ मध्ये.

प्रश्न : गंगापूर रोडवरच्या आमच्या १४ मजली इमारतीला असा ठोकळा हवा का?

उत्तर : नको. एवढ्या उंचीला नीट डिझाइन केलेले कॉलम, बीम आणि काँक्रीटच्या भिंती पुरतात. तुम्ही पार्किंग बघा. वर विटांच्या भिंतींमुळे ताठरपणा, खाली नुसते कॉलम; भूकंपात जवळजवळ सगळी हालचाल त्या एकाच मजल्यात होते. २००१ च्या भूकंपात अहमदाबादेत अशा इमारती कोसळल्या. लिफ्टभोवतीची काँक्रीटची भिंत थेट पायापर्यंत गेली आहे का, हे ड्रॉइंगवर पाहा. कॉलमच्या उभ्या सळयांना वेढणाऱ्या रिंगांचे हूक, म्हणजे वाकवलेली टोकं, १३५ अंशांत आत वळवलेले हवेत. ९० अंशांचे हूक कव्हर, म्हणजे सळयांवरचा काँक्रीटचा थर, उडालं की उघडतात आणि उभ्या सळया बाहेर वाकतात. काँक्रीट ओतल्यावर हे दिसत नाही, म्हणून बिल्डरकडे कामाच्या वेळचे फोटो मागा. आणि पाइपासाठी कॉलमला कुणी छिन्नी लावत असेल, तर त्याला तिथेच थांबवा.