गाण्याआधीची गोळी

प्रश्न : डॉक्टर, मी भावगीतांचे कार्यक्रम करते, अधूनमधून स्पर्धांतही गाते. माईक हातात घेतला की हात थरथरतो. एका सहगायिकेने प्रोप्रॅनोलॉलची गोळी दिली, बराच फरक पडला. धाकटा भाऊ पिस्तूल नेमबाज आहे. तो म्हणतो, "ताई, हे डोपिंगच. मी घेतली तर बंदी आणि तू घेतलीस तर टाळ्या!" त्याचं बरोबर आहे का?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : नियमाच्या बाबतीत भाऊ अगदी बरोबर आहे. 2008च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये उत्तर कोरियाच्या किम जाँग-सूची पिस्तूल नेमबाजीतली दोन पदकं याच औषधापायी गेली. नेमबाजी आणि तिरंदाजीत तर ते स्पर्धा नसतानाही चालत नाही.

भीती वाटली की अ‍ॅड्रेनॅलिन सुटतं, छाती धडधडते, बोटं कापतात. ही गोळी अ‍ॅड्रेनॅलिनचा परिणाम अडवते. मनातली भीती बरीचशी तिथेच असते, फक्त ती हातापर्यंत पोचत नाही. आता तुमच्या भावाचं काम बघा. दहा मीटरवर दहा गुणांचं वर्तुळ साडेअकरा मिलिमीटरचं, आणि पिस्तूल एका हातात. हात स्थिर ठेवणं हीच तिथली विद्या. ती गोळीतून आली तर मोजायचं काय? तुमचं तसं नाही. गळ्यात नसलेला सूर कुठलीच गोळी लावून देत नाही. वादकांच्या जगात तर याचा फारसा बाऊही नाही. 1980च्या दशकात अमेरिकेतल्या मोठ्या वाद्यवृंदांची पाहणी झाली, तेव्हा चारातल्या एकाहून जास्त वादकांनी अशी औषधं घेतल्याचं सांगितलं होतं.

म्हणून मैफिलीत घेतलीत तर मी त्याला लबाडी म्हणणार नाही. ऐकणाऱ्याचं त्यात काही जात नाही. स्पर्धेत मात्र मी भावाच्या बाजूने. तिथे शेजारची मुलगी त्याच थरथरत्या हाताने गाते आणि नंबर तिच्याशी तुलना करूनच लागतो. तपासणी होत नाही, हा काही मुद्दा नव्हे. (आमच्या सौ.ना हे पटत नाही. "मग गाण्याआधीचा चहाही बंद करा," म्हणतात. गंमत म्हणजे ठरावीक प्रमाणापलीकडचं कॅफीन खेळात 2004 पर्यंत बंदीच्या यादीत होतंच!)

मला राग आला तो दुसऱ्याच गोष्टीचा. मैत्रिणीच्या पर्समधली गोळी तोंडात टाकलीत कशी? दमा असेल तर याच गोळीने श्वास अडकू शकतो. नाडी मुळात मंद असेल, रक्तदाब कमी असेल किंवा मधुमेहासाठी इन्शुलिन चालू असेल, तरी धोका आहेच. आधी डॉक्टरांना दाखवा. त्यांनी दिलीच, तर पहिली गोळी घरी, रियाजाच्या दिवशी घेऊन बघा. कार्यक्रमाच्या दिवशी प्रयोग नको.

आणि भावालाही एक सांगा. हेच औषध अर्धशिशीवरही देतात. डोकं दुखतं म्हणून दवाखान्यात गेला, तर "मी नेमबाज आहे" हे त्याने आधी सांगायचं.