न्यूक या कंपोझिटिंग सॉफ्टवेअरमध्ये पायथॉनने स्वतःचा पॅनल केला, पण तो डॉक होत नाही (मुख्य खिडकीत बसत नाही) आणि बटणही चालत नाही. काय चुकतंय?

तुमच्या तक्रारी तीन आहेत. रीड नोडचे (चित्रांच्या फाइली वाचणाऱ्या नोडचे) पाथ एकदम बदलणारा पॅनल उघडतो, पण वेगळ्या खिडकीत तरंगत राहतो. न्यूक बंद करून उघडलं की तो दिसत नाही. आणि 'बदला' हे बटण दाबून काहीच घडत नाही. पहिल्या दोन्हींचं मूळ एकच आहे, पॅनलची नोंदणी राहिली आहे. बटणाचं कारण वेगळं. (खाली फंक्शनांची नावं उच्चाराप्रमाणे दिली आहेत. अंडरस्कोर दिसेल तिथे तो टाइप करायचाच.)

आधी जागा. पॅनलचा क्लास एका वेगळ्या फाइलमध्ये लिहा, ती तुमच्या होम फोल्डरमधल्या .न्यूक फोल्डरमध्ये ठेवा आणि मेनू.पीवाय मधून इम्पोर्ट करा. इनिट.पीवाय मध्ये पॅनलचं काहीही नको. इनिट प्रत्येक वेळी चालते, अगदी कमांड लाइनवरून रेंडर करतानासुद्धा, आणि तिथे खिडक्या नसतातच. मेनू.पीवाय मात्र न्यूक पूर्ण इंटरफेससह उघडल्यावरच वाचली जाते. ही गल्लत झाली की आपल्या मशीनवर सगळं सुरळीत चालतं आणि रेंडर फार्मवर (रेंडर करणाऱ्या मशीनच्या ताफ्यावर) शॉटचे रेंडर फसतात, मग कारण शोधण्यात अख्खा दिवस जातो.

आता नोंदणी. तुमचा क्लास न्यूकस्क्रिप्ट्स.पायथॉनपॅनल वरून आलेला असला पाहिजे. त्याच्या कन्स्ट्रक्टरला दोन स्ट्रिंग द्या, पहिली शीर्षक आणि दुसरी ओळख, म्हणजे आयडी. आयडी उलट्या डोमेनसारखा लिहायची पद्धत आहे: कॉम.स्टुडिओ.पाथबदल. हा आयडी शोभेचा नाही. वर्कस्पेस (पॅनलची मांडणी) सेव्ह होतं तेव्हा न्यूक पॅनलची ओळख म्हणून हाच आयडी लिहून ठेवतं आणि पुढच्या वेळी त्यावरूनच पॅनल शोधतं. तो एकदा ठरवला की बदलू नका, नाहीतर सेव्ह केलेल्या वर्कस्पेसमधून पॅनल गळून पडेल.

मग एक छोटं फंक्शन लिहा. त्यात पॅनल तयार करा आणि त्याच्या ॲडटूपेन चं उत्तर रिटर्न करा. 'रिटर्न' हा शब्द विसरू नका, वर्कस्पेस उभं करताना न्यूकला या फंक्शनकडून पॅनल हातात हवा असतो. हे फंक्शन दोन ठिकाणी द्यायचं: न्यूक.मेनू ला 'पेन' (पॅनल जिथे बसतात तो चौकोन) हे नाव देऊन मिळणाऱ्या मेनूच्या ॲडकमांड ला, आणि न्यूकस्क्रिप्ट्स.रजिस्टरपॅनल ला, तिथे सोबत तोच आयडी. पहिल्यामुळे पॅनल विंडोज मेनूच्या कस्टम विभागात दिसतो, दुसऱ्यामुळे तो न्यूक पुन्हा उघडल्यावर परत येतो. तुम्ही बहुधा नुसतं शो वापरलं आहे. शो तरंगती खिडकीच देतं, त्यात त्याची चूक नाही.

बटणाकडे वळू. नोड किंवा पॅनलवरच्या प्रत्येक नियंत्रणाला न्यूकमध्ये नॉब म्हणतात; बटणाचा नॉब म्हणजे पायस्क्रिप्ट_नॉब. त्यात स्क्रिप्ट रिकामी ठेवली तरी चालते, कारण बटण दाबल्याची वर्दी पॅनलच्या नॉबचेंज्ड या मेथडकडे जाते. या मेथडला सेल्फ आणि नॉब हे दोन पॅरामीटर लागतात, आणि नावातला 'के' लहान, 'सी' मोठा. स्पेलिंग चुकलं तर एररही येत नाही. पायथॉनच्या दृष्टीने ती आणखी एक मेथड असते, फक्त तिला कोणी बोलावत नाही. तुमच्या वर्णनावरून माझा पहिला संशय इथेच आहे. दुसरा संशय: नॉब सेल्फ वर न ठेवता साध्या लोकल व्हेरिएबलमध्ये ठेवला असेल. मेथडमध्ये नेमकं कोणतं बटण दाबलं हे ओळखायला नॉब.नेम तपासा. पॅनल उघडतानाही ही मेथड बोलावली जाते, तेव्हा नॉबचं नाव 'शोपॅनल' असतं. यादी पहिल्यांदा भरायची असेल तर ती तिथे भरावी.

खरी जोखीम पाथ बदलण्यात आहे, म्हणून इथे जरा थांबतो. जुना पाथ वाचताना फाइल नॉबवर व्हॅल्यू वापरा, इव्हॅल्युएट नको. इव्हॅल्युएट चालू फ्रेमचा आकडा भरून देतं, म्हणजे %०४डी (पाथमधली फ्रेम क्रमांकाची जागा) च्या जागी १००१ येतं. तेच परत लिहिलं की पूर्ण सीक्वेन्स एका फ्रेमवर गोठते. स्क्रीनवर चित्र बरोबर दिसत राहतं, त्यामुळे पुढेमागे सरकवून पाहीपर्यंत लक्षात येत नाही.

सेटव्हॅल्यू फक्त पाथ बदलतं, फ्रेम रेंजला हात लावत नाही. नवी आवृत्ती १००१ ते ११२० असेल आणि जुनी ११०० पर्यंत होती, तर शेवटच्या २० फ्रेम रीडच्या बाहेरच राहतील. रेंजही बदलायची असेल तेव्हा फ्रॉमयूजरटेक्स्ट वापरा: पाथ, एक स्पेस, मग १००१-११२०. विंडोजवर पाथमधले उलटे स्लॅश आधी सरळ करून घ्या. न्यूकला सरळ स्लॅश सगळ्या सिस्टिमवर चालतात, उलटा स्लॅश मात्र पुढच्या अक्षराचा अर्थ बदलू शकतो.

हे सगळे बदल न्यूक.अन्डू च्या 'विथ' ब्लॉकमध्ये करा. ४० रीड बदलल्यानंतर आर्टिस्टने एकदा कंट्रोल-झेड दाबलं की सगळे मागे आले पाहिजेत. दुसऱ्याच्या स्क्रिप्टमध्ये हात घालणाऱ्या टूलला ही सोय नसेल, तर ते टूल कोणाला देऊ नये असं माझं ठाम मत आहे.

न्यूक.ऑलनोड्स आपण ज्या ग्रुपमध्ये आहोत तेवढ्यातलेच नोड देतं. म्हणून ग्रुप म्हणून रूट (स्क्रिप्टची सगळ्यात वरची पातळी) स्पष्टपणे द्या, आणि ग्रुपच्या आतले रीडही हवे असतील तर रिकर्सग्रुप्स ट्रू करा. तुम्ही नॉन-कमर्शियल आवृत्तीवर शिकत असाल तर तिथे पायथॉनला एका वेळी १० नोडच मिळतात. यादी अपुरी दिसली म्हणून कोडमध्ये चूक शोधत बसू नका.

नॉबऐवजी क्यूटी (खिडक्या आणि बटणं बनवायची लायब्ररी) वापरायचं का? पाथ शोधायची एक जागा, नव्या पाथची एक जागा आणि एक बटण एवढंच असेल तर नॉब पुरेसे आहेत. प्रत्येक रीडपुढे टिक करायचा तक्ता हवा असेल तर क्यूटी घ्या. त्याची नोंदणी न्यूकस्क्रिप्ट्स.पॅनल्स.रजिस्टरविजेटॲजपॅनल ने होते. याचा पहिला पॅरामीटर क्लास नसतो, क्लासचं नाव स्ट्रिंग म्हणून द्यायचं असतं. न्यूक ती स्ट्रिंग मुख्य स्कोपमध्ये चालवून पाहतं, म्हणून मॉड्यूल मेनू.पीवाय मध्येच इम्पोर्ट केलेलं असावं. दुसऱ्या कुठल्या फाइलमध्ये इम्पोर्ट असेल तर नेमएरर येतो.

आवृत्त्यांचंही पाहा. क्यूटी पायथॉनमधून वापरायला न्यूक ११ ते १५ मध्ये पायसाइड२ आहे, १६ पासून पायसाइड६. इम्पोर्ट ट्राय-एक्सेप्टमध्ये घाला, आधी ६ आणि मग २. पायसाइड६ मध्ये क्यूॲक्शन क्यूटीविजेट्स मधून क्यूटीजीयूआय मध्ये गेलं आहे आणि क्यूरेगएक्स्प मिळत नाही. जुने पॅनल बहुतेक या दोन ठिकाणीच अडकतात.

आणि डिस्कवरच्या फाइली तपासायला वेगळा थ्रेड (समांतर चालणारं काम) लावलात तर त्या थ्रेडमधून नोडला स्पर्श करू नका, न्यूक क्रॅश होऊ शकतं. थ्रेडने फक्त डिस्क वाचावी, नोड बदलण्याचं काम न्यूक.एक्झिक्यूटइनमेनथ्रेड कडे सोपवावं.

कोड बदलून पुन्हा तपासताना मॉड्यूल इम्पोर्टलिब.रीलोड ने वाचून घ्या, पॅनलचा टॅब बंद करा आणि मेनूतून परत उघडा. उघडा राहिलेला टॅब जुनाच कोड चालवत राहतो.