‘आयसीयूत आल्यापासून विचारायचीही लाज वाटते’

प्रश्न: ताई, सहा वर्षं मेडिकल वॉर्डात काम केलं, आता आयसीयूत बदली झालीय. मागच्या महिन्यात राउंडला डॉक्टरांनी इन्फ्युजनचा, म्हणजे शिरेतून सावकाश सोडायच्या औषधाचा, रेट विचारला. मी गडबडले, तर सगळ्यांसमोर म्हणाले, ‘एवढंही येत नाही?’ तेव्हापासून प्रत्येक डोस चार-चारदा तपासते. कामं मागे पडतात, पण कुणाला विचारायची लाज वाटते. मी या कामाच्या लायकीची आहे ना? – एक सिस्टर

उत्तर: आहेस गं. नर्सिंगच्या अभ्यासक पॅट्रिशिया बेनर यांनी 1980च्या दशकात नवशिक्यापासून तज्ज्ञापर्यंतचे पाच टप्पे मांडले. अनुभवी नर्सही अगदी वेगळ्या विभागात गेली की तिथे पुन्हा नवशिकी ठरू शकते, असं त्यांनी तेव्हाच सांगून ठेवलंय. तुझं नेमकं तेच झालंय.

मला धास्ती वाटली ती लाजेची. इन्सुलिन किंवा रक्ताच्या गुठळ्या होऊ न देणारं हेपॅरिन यांसारख्या औषधांत चूक झाली तर पेशंटच्या जिवावर बेतू शकतं. म्हणूनच बऱ्याच ठिकाणी दोन सिस्टरांनी वेगवेगळा हिशेब करून आकडे जुळवायचे असतात. हाताने लिहिलेल्या 4 पुढचा इंग्रजी ‘यू’ शून्यासारखा दिसतो आणि 4 चे 40 युनिट वाचले जातात, ही जुनी, सगळीकडे माहीत असलेली चूक आहे. एकदा 40 वाचलेस की पुढच्या तिन्ही वेळेला तुझे डोळे 40च वाचतील. शेजारच्या बेडवरच्या सिस्टरला ‘जरा हा डोस बघतेस का? माझा आकडा आधी सांगत नाही’ म्हणालीस तर मिनिटाभरात काम होईल. आणि तिने हाक मारली की तूही जा. तुझ्याकडून कुणीतरी खात्री करून घेतं, हे अनुभवलंस की स्वतःकडे बघायची नजर हळूहळू बदलते.

डॉक्टरांशी बोलताना जीभ अडखळते ना? मग फोन उचलण्याआधी चार गोष्टी कागदावर लिही. आत्ता काय झालंय, आधीचं काय, मला काय वाटतं, मला काय हवंय. ‘चार नंबरच्या पेशंटचं वरचं बीपी 130 वरून 90 वर आलंय. काल पोटाचं ऑपरेशन झालंय. आत रक्तस्राव होत असावा असं मला वाटतं. तुम्ही लगेच येऊन बघा.’ आत्मविश्वास डळमळला की ‘मला वाटतं’ हे वाक्यच आधी गळतं. ते गाळू नकोस. बेडजवळ तू उभी असतेस, बदल सगळ्यात आधी तुलाच दिसतो.

त्या डॉक्टरांचं वागणं मात्र चुकलंच. चूक दाखवायची तर बाजूला घेऊन दाखवावी. पुन्हा असं झालं तर तारीख, वेळ, शब्द लिहून ठेव आणि इन्चार्ज सिस्टरांना सांग. त्यांच्याकडे आणखी एक मागणी कर: काही आठवडे पंप आणि व्हेंटिलेटरचं काम एखाद्या जुन्या सिस्टरसोबत द्या.

ड्यूटीच्या विचारानेच झोप उडत असेल, जेवण जात नसेल, तर समुपदेशकाकडे याच आठवड्यात जा. बदलीत रुळेपर्यंत थांबू नकोस.