आमच्यात तिला काय कमी पडतं?

"तिला मरायची हौस आहे का हो?" समुपदेशनासाठी माझ्याकडे आलेल्या एका गृहस्थांनी खुर्चीत टेकायच्या आधीच विचारलं. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.) पत्नी आठ हजार मीटरच्या एका शिखराची तयारी करत होती, मुलगी सात वर्षांची. विमा, पैसे, सासूबाईंचं रडणं, सगळं बोलून झालं. खरा प्रश्न अर्ध्या तासाने आला, तोही खिडकीकडे बघत: "आमच्यात तिला काय कमी पडतं?"

गिर्यारोहकांच्या घरातून हा प्रश्न नेहमी येतो. चढणारी बाई असली की त्याला आणखी धार चढते. १९९५ मध्ये ब्रिटिश गिर्यारोहक ॲलिसन हारग्रीव्ह्ज के-टू या जगातल्या दुसऱ्या क्रमांकाच्या उंच शिखरावरून उतरताना मरण पावली, तेव्हा दोन लहान मुलांची आई तिथे गेलीच कशी, म्हणून तिच्यावर बरीच टीका झाली. ब्रिटिश गिर्यारोहक जॉर्ज मॅलरीलाही तीन मुलं होती. १९२४ मध्ये तो एव्हरेस्टवर गेला, परतला नाही आणि दंतकथा झाला.

पुढच्या वेळी त्या गृहस्थांची पत्नी एकटी आली. बोलताना जॅकेटच्या नाडीला आठाची गाठ, गिर्यारोहक दोरीला मारतात ती, मारायची, निरखायची, सोडायची, पुन्हा मारायची. मी थराराचं विचारलं तर हसली. "थरार वाटला म्हणजे काहीतरी चुकलंय. निम्मा वेळ तर तंबूत बसून बर्फ वितळवण्यात जातो." मग नाडी हातातच ठेवून म्हणाली, "वर भीती वाटते तेव्हा ती कशाची ते कळतं. काय करायचं तेही कळतं. घरी नुसतं दाटून येतं, त्याला नावच नसतं."

२०१३ मध्ये ब्रिटनमधल्या क्रीडा-मानसशास्त्रज्ञांनी गिर्यारोहक आणि स्कायडायव्हर (विमानातून पॅराशूट घेऊन उडी मारणारे) यांची तुलना केली होती. थराराची ओढ स्कायडायव्हिंगकडे जास्त दिसली. गिर्यारोहकांना रोजच्या आयुष्यात, विशेषतः जवळच्या नात्यांत, भावना हाताळणं आणि सूत्रं आपल्या हाती आहेत असं वाटणं जड जातं; डोंगरावर ते जमतं. सगळ्यांना हे लागू होतं असं मी म्हणणार नाही. तिला होत होतं.

दोघं एकत्र आले तेव्हा मी हे मांडलं. ते जरा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "म्हणजे बोलायला हिला दोरीच लागते?" ती पहिल्यांदा त्यांच्याकडे बघून हसली.

जाऊ नको असं मी सांगितलं नाही. एका घरात शपथ घालून थांबवलेला मुलगा पुढे खोटं सांगून गेला, तेव्हापासून तो रस्ता मी सोडलाय. आम्ही एकच गोष्ट ठरवली: परत फिरायची वेळ. आठ हजार मीटरवर हवेच्या प्रत्येक श्वासात समुद्रसपाटीच्या जेमतेम तिसरा हिस्सा ऑक्सिजन मिळतो. ऑक्सिजनचं नळकांडं असलं तरी डोकं तिथे भरवशाचं नसतं, म्हणून हा निर्णय खालीच व्हायला हवा. दुपारी एक. शिखर समोर दिसत असलं तरी. तिने कागदावर लिहून तो नवऱ्याच्या हातात दिला. मृत्युपत्राचा विषय मीच काढला. तो कुणालाच आवडला नाही, पण झाला.

ती शिखर न गाठता परतली. एक वाजला होता.

तीन आठवड्यांनी त्यांचा फोन आला. "घुम्यासारखी बसून असते. काल रात्री मात्र अचानक म्हणाली, 'मला राग आलाय. तुझा नाही, त्या कागदाचा. आणि रडूही येतंय.' मग तासभर बोलत होती. मी काय करू?"

"तुम्ही काय केलंत?"

"ऐकत बसलो."

गुरुवारी दोघांना बोलावलंय.